७०० की ९३० किलोमीटर? ५० मिनिटं की १ तास ४० मिनिटं?

प्रश्न थोडक्यात असा. दोन शहरं आहेत. अंतर काढून देणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांच्यातलं अंतर ७०० किलोमीटर आणि विमानाचा वेळ ५० मिनिटं दिसतो. फोनवरचा नकाशा रस्त्यानं ९३० किलोमीटर आणि १२ तास म्हणतो. तिकिटावर मात्र विमानाला १ तास ४० मिनिटं लिहिलेली. यातलं खरं काय धरायचं, आणि जायचं कशानं?

खोटं यातलं काहीच नाही. सगळे आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मी २२ वर्षं उड्डाण-नियोजनाच्या टेबलावर काढली. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, इंधन आणि वेळ ठरवणं, हे ते काम. त्याआधी ४ वर्षं एका मालवाहतूक कंपनीत ट्रकचे मार्ग आखत होते. दोन्हीकडे एक सवय लागली. कुणी किलोमीटर सांगितले की विचारायचं, कुठून कुठपर्यंत? आणि कुणी तास सांगितले की विचारायचं, कधीपासून कधीपर्यंत? तुमचा गोंधळ या दोन प्रश्नांनी जवळजवळ सगळा सुटतो.

आधी ७०० घेऊ. हे गणितानं काढलेलं अंतर आहे. दोन शहरांचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे असं धरतात आणि गोलाच्या पाठीवरून दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट काढतात. पृथ्वी खरं तर अगदी गोल नाही. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाशी ६,३५७. त्यामुळे साध्या सूत्रात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक पडते, म्हणजे ७०० किलोमीटरमागे साडेतीन. प्रवासाच्या दृष्टीनं ती सोडून द्यायची. सोडून देता येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: तो ‘बिंदू’ कुठला? एक संकेतस्थळ शहराचा मध्य धरतं, दुसरं विमानतळ. पॅरिसमध्ये रस्त्यांची अंतरं नोत्र-दाम चर्चसमोरच्या खुणेपासून मोजतात. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटर लांब आहे. दोन टोकांना असे तीस-तीस, चाळीस-चाळीस किलोमीटर इकडेतिकडे झाले की ७०० चे ७६० व्हायला वेळ लागत नाही, आणि मग लोक म्हणतात दोन संकेतस्थळांवर दोन आकडे कसे.

मैलांचं एक भूतही इथेच बसलेलं असतं. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, आमचा नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. नॉटिकल मैल म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट, म्हणून एका अंशात ६० नॉटिकल मैल, जवळपास १११ किलोमीटर. ‘५०० मैल’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते ८०५ किलोमीटरही असू शकतं आणि ९२६ ही. नवीन आलेल्या मुलांकडून ही चूक मी कितीदा पाहिली असेल, सांगता येणार नाही.

आता ‘सर्वांत जवळची वाट’ म्हणजे काय ते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती बहुधा जवळची वाट नसते. मर्केटरनं १५६९ मध्ये जी नकाशाची पद्धत आणली ती जहाजवाल्यांना दिशा धरून जायला सोयीची होती. त्या सोयीसाठी तिच्यात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. समजा ६० अंश उत्तर अक्षांशावर दोन गावं आहेत, पृथ्वीच्या बरोबर समोरासमोरच्या बाजूंना. नकाशावर ती एका आडव्या रेघेवर दिसतील. त्या रेघेवरून गेलात तर साधारण १०,००० किलोमीटर. तेच ध्रुवावरून सरळ पलीकडे उतरलात तर ६,६७० च्या आसपास. पटत नसेल तर घरातला पृथ्वीगोल घ्या आणि दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. आमच्या टेबलावर दोन-दोन मोठे स्क्रीन होते तरी कोपऱ्यात एक जुना पृथ्वीगोल आणि दोऱ्याचं रीळ कायम असायचं. ७०० किलोमीटरच्या प्रवासात मात्र या वाकड्या रेघेचा फरक नगण्य असतो. तो लांबच्या पल्ल्याचा खेळ आहे.

विमान ११ किलोमीटर वर जातं, म्हणजे गोल मोठा होतो, म्हणून अंतर वाढतं का, असंही बरेच जण विचारतात. वाढतं. १,००० किलोमीटरमागे पावणेदोन किलोमीटर. पुढे चला.

मग ५० मिनिटं कुठून आली? ७०० ला ८५० नं भागलं. बस, एवढंच. संकेतस्थळानं असं धरलं की विमान पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत ताशी ८५० नं पळतं, सरळ रेषेत, वारा नसलेल्या आकाशात. मोटारीला पार्किंगमधूनच १०० चा वेग धरल्यासारखं झालं हे.

प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्याच ७०० किलोमीटरवर बघू. तिकिटावरचा वेळ आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे निघाल्यापासून दुसऱ्या विमानतळावर परत ठोकळे लागेपर्यंतचा. ट्रॅक्टरनं मागे ढकलणं आणि इंजिनं सुरू करणं, ६ मिनिटं. धावपट्टीच्या टोकापर्यंत जमिनीवरून चालत जाणं आणि रांगेत थांबणं, १४. वर चढायला २०, आणि या चढणीत सुमारे २०० किलोमीटर मागे पडतात. उतरायला २५ मिनिटं आणि २२० किलोमीटर. उतरण्याचा आमचा ठोकताळा असा की दर १,००० फुटांना ३ नॉटिकल मैल लागतात. ३५,००० फुटांवरून यायचं तर १०५ नॉटिकल मैल, जवळपास १९५ किलोमीटर आधी नाक खाली करायचं, आणि धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वर थोडे. शिवाय बऱ्याच देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या वर जायला परवानगी नसते.

दुसरं असं की विमान सरळ जातच नाही. ज्या दिशेला धावपट्टी आहे त्या दिशेला उडतं, ठरवून दिलेल्या वळणानं बाहेर पडतं, आकाशातल्या पाच-अक्षरी नावांच्या बिंदूंना जोडत जातं आणि तिकडेही ठरलेल्या वाटेनंच खाली येतं. ७०० चे ७४० होतात. त्यातले ४२० चढण्या-उतरण्यात गेले. उरले ३२०. म्हणजे ज्या वेगाच्या जिवावर संकेतस्थळानं ५० मिनिटं सांगितली, त्या वेगानं तुमचं विमान जेमतेम २२-२३ मिनिटं उडतं! उतरल्यावर गेटपर्यंत ७ मिनिटं. बेरीज होते ९४-९५. वरची पाच-सहा मिनिटं ही उशी.

उशीबद्दल कुणी उघड बोलत नाही, म्हणून सांगते. वेळापत्रक बनवताना मागच्या मोसमांतले खरे वेळ काढतात आणि बहुतेक फेऱ्या बसतील असा आकडा छापतात. अमेरिकेत वेळेच्या १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर धरतात, आणि कंपनीचं नाव त्या यादीत वर राहावं असं कुणाला वाटणार नाही? म्हणून विमान २० मिनिटं उशिरा सुटूनही ‘वेळेच्या आधी पोचलो’ अशी घोषणा ऐकू येते. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. उलट गर्दीच्या विमानतळावर आकाशात घिरट्या घालायला लावल्या तर एका घिरटीला साधारण ४ मिनिटं जातात. दुसऱ्या घिरटीतच उशी संपते.

घरी पटकन अंदाज करायचा असेल तर: हवाई अंतराला ८०० नं भागा आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. ७०० किलोमीटरला ५२ अधिक ४०, म्हणजे दीड तास. थोडी उशी धरा, तिकिटावरचा आकडा आला. फार लांबच्या उड्डाणांना मात्र हे लागू पडत नाही, कारण तिथे वारा शिरतो.

वाऱ्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी निम्मी नोकरी त्यातच गेली.

९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात ते जोर धरतात, ताशी २०० किलोमीटर सहज, कधी ३०० च्याही वर. लंडन ते न्यू यॉर्क अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. पश्चिमेकडे जाताना साडेसात ते आठ तास, परत येताना साडेसहा-सात. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा नावाचं वादळ अटलांटिकवर असताना एक बोइंग ७४७ विमान न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. इंजिनात काही वेगळं नव्हतं. विमान हवेतून नेहमीच्याच वेगानं जात होतं, हवाच पळत होती.

हा फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो असं समजणारे खूप आहेत. तसं असतं तर उडी मारल्यावर आपण भिंतीवर आदळलो असतो. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो त्या हवेच्या स्वतःच्या वाहण्यानं.

आणि जाताना वारा अंगावर, येताना पाठीशी, म्हणजे फिटंफाट, असंही नाही. ५,००० किलोमीटर, विमानाचा वेग ८५०, वारा १५०. पाठीशी वारा असताना १,००० नं जाल, ५ तास. समोरून असताना ७०० नं, ७ तास ९ मिनिटं. दोन्ही मिळून १२ तास ९ मिनिटं. वारा मुळीच नसता तर ११ तास ४६ मिनिटांत झालं असतं. जवळपास २३ मिनिटं बुडाली, कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून पडता.

एक रात्र आठवते. हिवाळा, पश्चिमेकडे जाणारं मोठं विमान, सरळ वाट ५,००० किलोमीटरची. संगणकानं काढलेल्या कागदावर सरासरी वारा उणे ९७ नॉट, म्हणजे समोरून ताशी १८० किलोमीटर. जमिनीवरचा वेग उरला ६७०, वेळ ७ तास २८ मिनिटं. एवढं इंधन, वर ५ टक्के राखीव, वर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरतं, वर शेवटचं ३० मिनिटांचं. वजन मर्यादेबाहेर गेलं. माल उतरवायचा की मध्ये इंधनासाठी थांबायचं, यावर कॅप्टनचा फोन. मी वाट दक्षिणेकडे वाकवून पाहिली. अंतर २०० किलोमीटरनं वाढलं, पण वाऱ्याचा मुख्य झोत चुकला आणि समोरचा वारा १२० वर आला. ५,२०० भागिले ७३०. ७ तास ७ मिनिटं. लांबची वाट २१ मिनिटं लवकर पोचवत होती आणि जवळजवळ २ टन इंधन वाचवत होती. कॅप्टननं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायला सांगितले, एकदा ‘हं’ म्हटलं आणि दुसऱ्यावर सही केली. माल होता तिथेच राहिला. प्रवासी बहुधा समोरच्या पडद्यावरचा वळसा बघून वैतागले असतील.

वळसे इतर कारणांनीही पडतात. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियानं युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, आणि हेलसिंकी–टोकियो हे ७,८०० किलोमीटरचं, साडेनऊ तासांचं उड्डाण तेराच्या आसपास गेलं. शहरं होती तिथेच आहेत. गंमत म्हणजे हे पहिल्यांदा झालेलं नाही. १९५७ मध्ये कोपनहेगन–टोकियो ध्रुवाकडच्या वाटेनं सुरू झालं तेव्हा विमानं सोव्हिएत आकाश टाळून अलास्कातल्या अँकरेजला थांबत जायची.

तिबेटच्या पठारावरून फारशी विमानं जात नाहीत, त्याचं कारण वेगळं. केबिनमधला हवेचा दाब गेला तर लगेच १०,००० फुटांपर्यंत, ३ किलोमीटरवर खाली यावं लागतं. डोक्यावरून पडणाऱ्या मास्कमध्ये अनेक विमानांत १२ ते १५ मिनिटांचाच ऑक्सिजन असतो. पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटर. खाली यायचं कुठे? आणि समुद्रावरून जाताना दोन इंजिनांच्या विमानाला एक बंद पडलं तर ठरावीक वेळात पोचता येईल असा विमानतळ जवळ ठेवावा लागतो. हे सगळं ‘अंतर’ या एका शब्दात कुठे दिसत नाही.

घड्याळाबद्दल दोनच वाक्यं. तिकिटावर निघायची आणि पोचायची वेळ त्या त्या ठिकाणची असते, म्हणून त्यांची वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढू नका. टोकियोहून संध्याकाळी निघालेला माणूस लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरतो. वजाबाकी केली तर उत्तर शून्याखाली जाईल.

आता जमिनीवर येऊ. ९३० आणि ७०० यांचं गुणोत्तर १.३३. हे अगदी नेहमीचं. सपाट मुलखात, रस्त्यांचं जाळं दाट असेल तर रस्त्याचं अंतर हवाई अंतराच्या १.२ पट असतं, डोंगर-नद्या आल्या की १.४ आणि पुढे. ट्रकचा मार्ग आखताना मी हे गुणोत्तर सगळ्यात आधी काढायची. १.५ च्या वर गेलं की समजायचं मध्ये काहीतरी आडवं पडलंय, आणि नकाशा मोठा करून ते शोधायचं.

कधी कधी जे आडवं पडलेलं असतं ते अजस्र असतं. ब्युनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओ सरळ रेषेत २०० किलोमीटरच्या आसपास. पण मध्ये ला प्लाता नदीचं समुद्राएवढं मुख, आणि पूर्ण रस्त्यानं जायचं तर वर जाऊन पूल गाठून साडेपाचशेच्या वर किलोमीटर. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, एकीतून दुसरी दिसते, पण मध्ये पूल नाही, बोटीनं जायचं. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये डेरियनच्या जंगलात सुमारे १०० किलोमीटर रस्ताच नाही, त्यामुळे एकाच जमिनीवर असूनही पनामा सिटी ते बोगोटा रस्त्यानं किती, या प्रश्नाला उत्तरच नाही. एखादं संकेतस्थळ तिथेही बेधडक आकडा दाखवतं, हवाई अंतराला १.३ नं गुणून! उलटही होतं. २००० साली कोपनहेगन आणि माल्मो यांच्यामध्ये पूल आणि बोगदा मिळून १६ किलोमीटरचा ओरेसुंडचा रस्ता झाला आणि फेरीबोटीची वाट बघणं संपलं.

फोन ही वाट शोधतो कशी? त्याच्या मुळाशी डाइक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञानं १९५६ मध्ये काढलेली आणि १९५९ मध्ये छापलेली पद्धत आहे. त्यानं उदाहरणही आपल्याच विषयाचं घेतलं होतं: रॉटरडॅमहून ख्रोनिंगनला जायची सर्वांत जवळची वाट. ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसून कागद-पेन्सिलीशिवाय वीस मिनिटांत सुचली, असं तो सांगायचा. आजचे नकाशे किलोमीटरच्या जागी मिनिटं टाकतात, म्हणून फोननं दाखवलेली वाट सर्वांत जवळची नसते, सर्वांत लवकरची असते. तुमच्या ९३० मध्येच ८८० ची एखादी वाट दडलेली असेल. ती गावागावांतून जात असेल आणि दोन तास जास्त खात असेल.

पण फोनचे १२ तास म्हणजे चाकं फिरण्याचे १२ तास. तुमचं जेवण, पाय मोकळे करणं, इंधन, रस्त्याकडेला गाडी लावून कुणाचा तरी फोन घेणं, यातलं काही त्यात नाही. मोटार विजेची असेल तर प्रत्येक थांब्याला वीस ते चाळीस मिनिटं चार्जिंगची. युरोपात ट्रकचालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसात साधारणपणे ९ तासच चालवता येतं. त्या हिशेबानं ९३० किलोमीटर हे ट्रकला एका दिवसाचं कामच नाही. घरच्या मोटारीला असा कायदा नसला तरी अंग तेच असतं. मी १२ तासांमागे किमान दीड तास धरते, आणि एकटंच चालवायचं असेल तर दोन दिवस. यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच भेटले. त्यातल्या एकानं, आमच्याच घरातल्या, एका बैठकीत १,००० किलोमीटर मारायचं ठरवलं. फोन म्हणाला १२ तास ४०, लागले १६. शेवटच्या तासात तो उजवं वळण चुकला आणि ते चुकलंय हे कळायला त्याला बावीस किलोमीटर लागली.

जोरात चालवून वेळ वाचवतो म्हणणाऱ्यांसाठी. १०० किलोमीटरला ८० च्या वेगानं ७५ मिनिटं, १०० नं ६०, १२० नं ५०, १४० नं ४३. पहिल्या वीसाला १५ मिनिटं मिळाली, शेवटच्या वीसाला ७. आणि सरासरी तर त्याहून दगाबाज. निम्मं अंतर १०० नं आणि निम्मं ५० नं गेलात तर सरासरी ७५ येत नाही, ६७ येते, कारण हळू भागात तुम्ही दुप्पट वेळ असता. दिवसभराच्या प्रवासाचं भवितव्य महामार्गावर ठरत नाही. शहरातून बाहेर पडायला आणि दुसऱ्या शहरात शिरायला जो वेळ लागतो, त्यात ठरतं.

शिवाय तुमचा काटा थोडं वाढवूनच सांगतो. अनेक देश पाळतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमानुसार स्पीडोमीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत जास्त दाखवला तर चालतो. म्हणून काट्यावर १०० असताना गाडी बऱ्याचदा ९५-९६ नंच धावत असते. किलोमीटरचा आकडा चाकाच्या फेऱ्यांवरून येतो. टायर झिजून ६ मिलिमीटर पातळ झाला तर चाक लहान होतं, त्याच रस्त्याला जास्त फेऱ्या मारतं आणि अंतर दोनेक टक्के वाढीव दिसतं. ९३० चे ९४८. पोचल्यावर ‘नकाशा चुकला’ म्हणण्याआधी टायर बघा.

उरलं ते शेवटचं, जायचं कशानं. इथे दार ते दार मोजा. विमानाला दोन्ही टोकांना मिळून एक ठरावीक वेळ द्यावाच लागतो, अंतर कितीही असो. घरून विमानतळ १ तास, तिथे सामान-तपासणी-गेट धरून दीड तास, चढण्या-उतरण्याची आणि जमिनीवर चालण्याची मघाची ४० मिनिटं, उतरल्यावर सामान येईपर्यंत ३०, शहरात शिरायला ५०. साडेचार तास झाले आणि अजून एक किलोमीटरही पुढे सरकला नाहीत. पण त्यानंतर दर ८०० किलोमीटरला एकच तास. मोटारीचं उलटं. सुरुवातीला काहीच द्यावं लागत नाही, मात्र पुढचा प्रत्येक किलोमीटर ती पूर्ण भावानं वसूल करते.

दोन्ही बरोबरीला कुठे येतात? रस्ता हवाई अंतराच्या १.३ पट धरला आणि मोटारीची सरासरी ७०, तर सुमारे २६० किलोमीटर हवाई, म्हणजे ३४० किलोमीटर रस्त्यावर. उत्तम द्रुतगती मार्गावर सरासरी ९० पडत असेल तर रस्त्यानं ४४० च्या आसपास. रस्त्यानं ३०० च्या आत असेल तर विमानाचा विचारही करू नका, ५०० च्या पुढे असेल तर मोटारीचा फार करू नका, आणि मधल्या पट्ट्यात विमानतळ घरापासून किती लांब आहे एवढंच बघा.

तुमचं ७०० घेतलं तर विमानानं ४ तास ३० अधिक ५२ मिनिटं, म्हणजे दार ते दार साडेपाच तासांच्या आत. मोटारीनं १२ अधिक दीड, साडेतेरा. प्रश्नच नाही, विमानानं जा. अट एकच, फेरी थेट हवी. मध्ये विमान बदलायचं असेल तर ७०० चे १,२०० होतात, चढणं-उतरणं दोनदा, आणि दोन विमानांमधली वाट बघणं दोन-तीन तासांचं. तेव्हा साडेपाचाचे पावणेनऊ ते पावणेदहा होतात, आणि तीन-चार माणसं आळीपाळीनं चालवणारी, सामान भरपूर, परतीची वेळ पक्की नाही, असं असेल तर मी मोटार काढेन.

परतीचं तिकीट काढताना त्यावर कदाचित १ तास ४० ऐवजी १ तास ३० दिसेल. अंतर तेवढंच, विमान तेच, आणि घड्याळ बदलत नसेल तरीसुद्धा. शहरं पूर्व-पश्चिम असतील तर ती दहा मिनिटं वाऱ्याची; दक्षिण-उत्तर असतील तर बघा, कुठल्या विमानतळावर धावपट्टीपर्यंतची रांग मोठी आहे.